रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नको

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. ऑपरेशन ठरलेलं कुणी घरात असेल तर त्यांनाही वाचायला द्या.

मागच्या वर्षी ताईचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून. जिल्ह्याच्या गावी, बऱ्यापैकी मोठ्या दवाखान्यात. नाव लिहीत नाही, कारण जे झालं ते फक्त त्याच दवाखान्यात होतं असं नाही. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी ते कुठे ना कुठे पाहिलेलं असणार. आदल्या दिवशी सिस्टरने बजावलं, रात्री दहानंतर काही खायचं नाही, पाण्याचा थेंबही नको. ताई आज्ञाधारक. दहाला पाच कमी असताना अर्धा पेला पाणी प्यायली आणि झोपली. सकाळी आठचा नंबर सांगितला होता. मग अपघाताची एक केस आली, मग एक सिझर आलं, मग कुणाला तरी फोन आला म्हणून आणखी कुणीतरी आधी गेलं. ताईला आत नेलं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. साडेसोळा तास झाले होते. सलाईन लावली ती आत नेताना.

ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण संध्याकाळी सहापासून रात्री एकपर्यंत ती उलट्या करत होती. पोटात काही नव्हतंच, कोरड्या उलट्या. पोटावर चार ठिकाणी टाके, आणि प्रत्येक उबळीला ती दोन्ही हातांनी पोट दाबून धरायची. मी ट्रे घेऊन उभा. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "भुलीचं होतंच असं. उद्या बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, हे खरं. पण 'होतंच असं' हे वाक्य डोक्यातून जाईना. वीस वर्षं बातमीदारी केली, ह्या दोन शब्दांनी किती विषय मारले गेले त्याची गणती नाही. पाणीपुरवठ्याची पाइप फुटली, होतंच असं. शाळेचं छत गळतं, होतंच असं.

ओळखीचे एक भूलतज्ज्ञ आहेत. आठवड्यातून दोनदा आपल्या तालुक्यात येतात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात पळत असतात. त्यांना गाठलं. त्यांनी उलट मलाच चार प्रश्न विचारले. पेशंट बाई आहे का? हो. सिगरेट ओढते का? मी हसलो. गाडी लागते का? लागते म्हणजे काय, लहानपणापासून ताईला एसटी लागते, घाट सुरू व्हायच्या आत खिडकीची सीट आणि आल्याची वडी लागते. ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून अफूच्या जातीतलं इंजेक्शन दिलं का? केसपेपरवर होतं. म्हणाले, "चारपैकी चार. अशा दहा जणांतल्या आठ जणांना उलटी-मळमळ होते." ख्रिश्चन अॅफेल नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली जर्मनी आणि फिनलंडमधल्या रुग्णांवरून हा हिशोब मांडला. एकही खूण नसेल तर दहात एक, चारही असतील तर दहात आठ. दोन मिनिटांत होणारी ही विचारपूस आहे. ताईला ऑपरेशनआधी कुणी केली नव्हती.

मग त्यांनी पाचवा प्रश्न विचारला. "शेवटचं पाणी कधी प्यायल्या होत्या?"

त्या प्रश्नाच्या मागे लागून मी दोन-तीन महिने मिळेल ते वाचत राहिलो. डिप्लोमावाला पत्रकार आहे, डॉक्टर नाही, तेव्हा चुकलं तर डॉक्टर मित्रांनी कान धरावा. पण जे सापडलं ते सांगण्यासारखं आहे.

गोष्ट सुरू होते कॉलऱ्यापासून. १८३१ साली इंग्लंडच्या उत्तरेला संडरलँड बंदरात कॉलरा शिरला. तिथे विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी नावाचा बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर गेला. त्या काळी कॉलऱ्यावर उपाय म्हणजे रुग्णाचं आणखी रक्त काढायचं! ह्या पोराने रक्त तपासलं आणि सांगितलं की त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, ते परत घालायला हवेत. स्वतः त्याने माणसावर प्रयोग केला नाही. तो केला स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लाट्टा ह्या डॉक्टरने, १८३२ च्या मे महिन्यात. पहिली रुग्ण एक म्हातारी बाई, अगदी शेवटच्या घटकेला. लाट्टाने पाण्यात मीठ आणि सोडा मिसळून चांदीच्या नळीने तिच्या शिरेत सोडायला सुरुवात केली. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरच्या वर. बाईचे खोल गेलेले डोळे वर आले, नाडी लागली, ती बोलायला लागली. लाट्टा तिला तिथल्या डॉक्टरवर सोपवून विश्रांतीला गेला. उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले, पण पाणी पुन्हा कुणी सोडलं नाही. साडेपाच तासांत ती गेली.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्याच सलाईनच्या वेळी औषध बरोबर होतं, बाटली जवळ होती, आणि पुन्हा द्यायला हवं हे जवळच्या माणसाला सुचलं नाही. लाट्टा स्वतः पुढच्याच वर्षी वारला, आणि कॉलऱ्याची साथ ओसरल्यावर सलाईनही बऱ्यापैकी विसरली गेली.

ओ'शॉनेसीचं काय झालं? तो आपल्याकडे आला. १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला. तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवलं, भांगेवर प्रयोग करून ती विलायती औषधशास्त्रात नेली, आणि पुढे चक्क हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभं केलं. १८५०च्या दशकात मुंबई ज्या तारेने कलकत्त्याशी जोडली गेली तिच्यामागचा माणूस हाच. त्याला 'सर' ही पदवी मिळाली ती तारेसाठी. सलाईनसाठी कुणी काही दिलं नाही.

आता भूल. १६ ऑक्टोबर १८४६, बॉस्टन. दंतवैद्य विल्यम मॉर्टनने इथर हुंगवून रुग्णाला झोपवलं आणि शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी एडिंबरात सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणला. जगाला वेदनेतून सुटका मिळाली आणि त्याबरोबर उलट्यांची भेट. इथरच्या काळात चारातल्या तिघांना तरी उलट्या व्हायच्या असं वैद्यकीय लेखांतून सांगितलं जातं. लंडनच्या जॉन स्नो ह्या डॉक्टरने ह्यावर लिहून ठेवलंय. हाच स्नो, ज्याने पुढे १८५४ मध्ये पाण्याच्या हापशावरून कॉलऱ्याचं मूळ शोधलं, आणि ज्याने व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला. कॉलरा, पाणी आणि भूल हे तिन्ही विषय एका माणसाच्या आयुष्यात होते. तरी ते एकमेकांना जोडले जायला दीडशे वर्षं लागली.

पोट भरलेलं असताना भूल देऊ नये, हे तेव्हाच कळलं होतं. बेशुद्धीत उलटी झाली आणि अन्न श्वासनलिकेत गेलं तर माणूस गुदमरून मरू शकतो. ही भीती खरी आहे, आजही खरी आहे, आणि ह्या पोस्टमधून कुणी असा अर्थ काढू नये की उपाशी ठेवणं हा डॉक्टरांचा खुळेपणा आहे. पण पाण्याचं काय? जंतुनाशक शस्त्रक्रियेचा जनक जोसेफ लिस्टर, त्याने १८८३ मध्ये लिहिलं की क्लोरोफॉर्म देताना पोटात घट्ट अन्न नसावं, मात्र साधारण दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचं पाणी दिलं तर चांगलंच. दोन तास! हा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

मग बिघडलं कुठे? १९४६ मध्ये. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन ह्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनी एक निबंध छापला. १९३२ ते १९४५ मधल्या ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. त्यात ६६ जणींच्या बाबतीत भुलीत पोटातलं फुप्फुसात गेलं होतं. दोघी दगावल्या, त्या घट्ट अन्नाने श्वास कोंडून. सशांच्या फुप्फुसात आम्ल घालून त्यांनी दाखवलं की नुसत्या पोटातल्या आम्लानेही फुप्फुस भाजून निघतं. निबंध महत्त्वाचा होता, गाजला, आणि त्यानंतर हळूहळू 'मध्यरात्रीनंतर तोंडाने काहीही नाही' हा जगभरचा नियम होऊन बसला. अन्नात आणि पाण्यात फरक राहिला नाही. बाळंतपणाचा नियम सगळ्या ऑपरेशनांना लागला.

इथे खरी गंमत आहे. मेंडेलसन यांनी कळा सुरू असताना तोंडाने काही देऊ नका असं म्हटलं, ते खरं. पण त्याच वाक्यात त्यांनी असंही म्हटलं होतं की गरज असेल तिथे त्याऐवजी शिरेतून द्या. म्हणजे नियम दोन भागांचा होता. पहिला भाग भिंतीवर, केसपेपरवर, सिस्टरच्या तोंडी जाऊन बसला. दुसरा भाग गळून पडला. तोंड बंद करणं फुकट असतं. शीर उघडायला बाटली, सुई, माणूस आणि वेळ लागतो. सरकारी परिपत्रकांचं आपल्याकडे जे होतं तेच इथेही झालेलं दिसतं. लोकांनी काय करू नये तो भाग लगेच लागू, खात्याने काय करावं तो भाग निधीअभावी प्रलंबित.

तोवर बाटली तयार झाली होती. लंडनच्या सिडनी रिंगरने १८८०च्या दशकात बेडकाच्या हृदयावर प्रयोग करताना मिठाच्या पाण्यात ते तासन् तास धडधडतं असं पाहिलं. मग कळलं की ते पाणी शुद्ध केलेलं नव्हतंच, साधं नळाचं होतं, आणि त्यातल्या कॅल्शियममुळे हृदय चालू राहिलं होतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या अलेक्सिस हार्टमन ह्या बालरोगतज्ज्ञाने १९३०च्या दशकात त्यात लॅक्टेट घातलं. आपल्या मेडिकलच्या दुकानात 'आरएल' म्हणून जी बाटली मिळते ती हीच, रिंगर लॅक्टेट.

बाटली आली, पण ती ऑपरेशनच्या पेशंटला किती द्यायची ह्यावरून अमेरिकेत मोठं भांडण झालं. बॉस्टनचे फ्रान्सिस मूर हे तेव्हाचे मोठे सर्जन. त्यांचं म्हणणं, ऑपरेशनच्या धक्क्याने शरीर स्वतःच मीठ-पाणी धरून ठेवतं, वरून ओतू नका. डॅलसच्या टॉम शायर्स यांनी १९६१ मध्ये उलट मांडलं. ऑपरेशनमध्ये शरीरातलं पाणी कुठेतरी आत अडकून पडतं, रक्ताच्या कामाचं राहत नाही, म्हणून भरपूर द्या. हे शायर्स म्हणजे तेच, ज्यांनी नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींबरोबर गोळी लागलेल्या गव्हर्नर कॉनलींच्या मांडीवर शस्त्रक्रिया केली आणि दोनच दिवसांनी ओसवाल्डलाही टेबलावर घेतलं. त्यांचं बोलणं लोकांनी इतकं मनावर घेतलं की बाटल्यांवर बाटल्या ओतल्या जाऊ लागल्या, आणि व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांची फुप्फुसं पाण्याने भरल्याच्या गोष्टी यायला लागल्या. शेवटी १९६७ मध्ये मूर आणि शायर्स दोघांनी मिळून एक संपादकीय लिहिलं. शीर्षक एका शब्दाचं, संयम. भांडणाऱ्या दोघांनी एकत्र बसून सही केली, हे आपल्याकडे कुठल्या क्षेत्रात घडल्याचं मला तरी आठवत नाही.

पण ह्या सगळ्या वादात प्रश्न होता जगण्या-मरण्याचा, किडनीचा, फुप्फुसाचा. उलटीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. उलटीने माणूस मरत नाही ना. ती मावशींच्या खात्यातली गोष्ट. १९९९ मध्ये अमेरिकेत ऑपरेशनआधी लोकांना विचारलं गेलं की शुद्धीवर आल्यावर तुम्हाला काय अजिबात नको. यादीत पहिला नंबर उलटीचा लागला. दुखण्याच्याही वर!

१९९५ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी छोट्या ऑपरेशनसाठी येऊन त्याच दिवशी घरी जाणाऱ्या २०० रुग्णांवर साधा प्रयोग केला. अर्ध्या लोकांना ऑपरेशनआधी वजनाच्या दर किलोमागे २० मिली सलाईन, अर्ध्यांना २ मिली. कुणाला किती दिली हे तपासणाऱ्याला ठाऊक नाही. ज्यांना जास्त मिळाली त्यांना तहान, चक्कर, गुंगी कमी, आणि दुसऱ्या दिवशी मळमळही कमी. २००४ मध्ये कोपनहेगनला ४८ रुग्णांवर असाच प्रयोग झाला, तोही दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनवर. म्हणजे आमच्या ताईचंच ऑपरेशन! एका गटाला किलोमागे ४० मिली आरएल, दुसऱ्याला १५. जास्तवाल्यांना मळमळ कमी झाली आणि ते लवकर सावरले. २०१९ मध्ये कॉक्रेन ह्या संस्थेने जगभरचे असे ४१ अभ्यास, ४,२२४ माणसं, एकत्र करून हिशोब लावला. ज्यांना भुलीच्या आसपास जादा सलाईन मिळाली त्यांच्यात मळमळ एक तृतीयांशाहून जास्त घटली, उलट्या निम्म्यावर आल्या. पुरावा किती भक्कम, तर मध्यम, असं त्यांनीच प्रामाणिकपणे लिहिलंय. आणि ही माणसं बाकी धडधाकट, पूर्ण भूल घेऊन छोटी-मध्यम ऑपरेशनं करून एक-दोन दिवसांत घरी जाणारी.

निम्म्यावर! कशाने, तर मिठाच्या पाण्याने.

असं का होत असावं? डॉक्टर मंडळींचा कयास असा. तास न् तास कोरडं राहिलेलं शरीर, त्यात भुलीने रक्तदाब उतरतो. शरीर मेंदू आणि हृदय सांभाळायला आतड्यांचं रक्त कमी करतं. उपाशी, रक्त न मिळालेलं आतडं सेरोटोनिन सोडतं, आणि ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला टोचतं. आपल्याकडे उलटीवर ऑनडान्सेट्रॉनचं इंजेक्शन देतात ना, ते नेमकं ह्याच सेरोटोनिनची वाट अडवतं. म्हणजे इंजेक्शन नंतर दार लावतं, आणि पाणी आधीच भांडण होऊ देत नाही. इंजेक्शनला पर्याय म्हणून मी हे सांगत नाहीये, जास्त धोक्याच्या पेशंटला दोन्ही लागतात.

ताईचा हिशोब मी कागदावर मांडून पाहिला. पन्नास किलोच्या माणसाला शिरेतून पाणी द्यायचं तर ताशी साधारण ९० मिली, असं एक जुनं कोष्टक आहे, १९५७ चं. साडेसोळा तासांचे जवळजवळ दीड लिटर झाले. म्हणजे तीन बाटल्या. भूलतज्ज्ञांना दाखवलं तर म्हणाले, एवढी तूट नसते, निरोगी शरीर लघवी कमी करून सावरून घेतं. ठीक आहे, दोन धरा. एक धरा. सकाळी आठला नंबर हुकला तेव्हा एक बाटली लावायला काय हरकत होती, एवढाच माझा प्रश्न. त्यावर ते गप्प बसले. मग म्हणाले, "आम्ही ओटीत असतो हो. वॉर्डात कोण बघणार?"

आता आपल्या गावाकडे या. इथे सलाईनची कमतरता आहे असं कुणी म्हणेल का? अंगात कणकण आली, सलाईन. परीक्षेच्या आधी पोराला थकवा, सलाईन. कांदा काढून बाई दमली, 'डॉक्टर, एक बाटली चढवा, तरतरी येईल.' डॉक्टर नको म्हणाले तर पेशंट शेजारच्या दवाखान्यात जातो, हे डॉक्टरही सांगतात आणि ते खोटं नाही. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. शंभर कॅलरी. एका भाकरीत ह्यापेक्षा जास्त ताकद असते आणि भाकरी टोचावी लागत नाही. आरोग्य चळवळीतल्या लोकांनी हे कितीदा तरी सांगून झालंय. शिवाय शिरेतून जाणारी कोणतीही गोष्ट निर्धोक नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकात बळ्ळारीच्या सरकारी दवाखान्यात सिझेरियन झालेल्या बायका दगावल्या आणि संशय थेट आरएलच्या बाटल्यांवर गेला, सरकारला त्या बाटल्यांचा वापर थांबवावा लागला.

तर आपल्याकडे सलाईन आहे. चालत्या-बोलत्या, तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला ती पैसे घेऊन लावली जाते. आणि ज्याचं तोंड आपण नियमाने बंद केलंय, जो स्ट्रेचरवर आठ तास नंबराची वाट बघतोय, त्याला ती आत नेताना आठवते. हे मला ताईच्या उलट्यांपेक्षा जास्त लागलं.

सलाईन जास्त झाली तर काय, हेही सांगायला हवं, नाहीतर उद्या कुणी सिस्टरशी भांडायला जाल. हृदय कमजोर असलेल्या, किडनीच्या पेशंटला दोन बाटल्याही महागात पडू शकतात. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनचं गणित वेगळं आहे. तिथे डेन्मार्कच्या एका अभ्यासाने २००३ मध्ये दाखवलं की पाणी कमी दिलं तर गुंतागुंत कमी होते, म्हणून जगाने हात आखडता घेतला. मग २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने ३,००० रुग्णांवरचा अभ्यास आला, त्यात हात आखडलेल्यांमध्ये किडनीला इजा जास्त झाली, ८.६ टक्के विरुद्ध ५ टक्के. मूर-शायर्स यांचं भांडण अजून मिटलेलं नाही असं समजा. किती द्यायची ते भूलतज्ज्ञच ठरवणार.

आणि मुळात ती शिरेतून द्यायची वेळच का यावी? १९८६ मध्ये कॅनडात रॉजर माल्टबी आणि सहकाऱ्यांनी लोकांना ऑपरेशनच्या दोनेक तास आधी १५० मिली पाणी पाजून नंतर पोटात किती उरलं ते मोजलं. उपाशी ठेवलेल्यांपेक्षा जास्त काही उरलेलं नव्हतं. पाणी पोटात थांबतच नाही, खाली निघून जातं. असे अभ्यास साठत गेले आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने नियम बदलला. हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, दूध आणि दुधाचा चहाही सहा तास, आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास आधीपर्यंत. लिस्टरचे दोन तास ११६ वर्षांनी परत आले. आपल्याकडचे भूलतज्ज्ञही हेच शिकतात. पण सिस्टरच्या तोंडी अजून १९४६ च आहे, तेही अर्धंच.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत हेलीन नावाचं चक्रीवादळ आलं आणि नॉर्थ कॅरोलायनातला सलाईनचा एक कारखाना पाण्याखाली गेला. त्या देशाची साधारण ६० टक्के सलाईन त्या एका कारखान्यातून यायची. ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी काय केलं? पेशंटला सांगितलं, दोन तास आधीपर्यंत पाणी प्या, म्हणजे बाटली वाचेल. हे वाचताना मला १९७१ चं बनगाव आठवलं. बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा, सलाईन संपलेली, आणि डॉ. दिलीप महालनबीस ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती मग देताहेत. ३० टक्क्यांवर असलेले मृत्यू ३.६ टक्क्यांवर आले. दोन्ही वेळा बाटल्या संपल्यावर पेल्याची आठवण झाली.

पुढच्या गुरुवारी आमच्या वहिनीचं पिशवीचं ऑपरेशन आहे. दवाखाना दुसरा. कागद तोच, छापील, 'रात्री १० नंतर पाणीसुद्धा नाही.' ह्यावेळी मी आधीच भूलतज्ज्ञांचा नंबर मिळवला. वहिनीला गाडी लागते, शुगर नाही, हृदयाचं काही नाही, हे सांगितलं. नंबर कितवा आहे आणि पुढे सरकला तर वॉर्डात सलाईन कोण लावणार, हे विचारलं. बाई भल्या होत्या, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, दुसरा नंबर आहे, दहाच्या आसपास घेऊ, सकाळी आठपर्यंत पाणी चालेल. उशीर होतोय असं दिसलं तर मला फोन करा, मी सिस्टरला सांगून बाटली सुरू करायला लावते.

वहिनीला हे सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. सासूबाईंना विचारून घेते म्हणाली. मग जरा वेळाने परत आली आणि हळूच विचारलं, "भावजी, पाण्याऐवजी चहा चालेल का?"

कोरा चालेल, दुधाचा नाही, म्हटलं. तर म्हणते, मग पाणीच बरं.